दोन काटे

"थांबव गं, थांबव! काटा लालवर गेलाय!" मागच्या सीटवरून मिर्ता ओरडली.

इदाल्मिसनं गाडी उसाच्या कडेला घेतली. महिन्याभरात असं किती वेळा झालं, याची तिनं मोजदादच सोडली होती. गाडी सत्तावन्न सालची, नवऱ्यामागं तिच्या वाट्याला आलेली. कुमानायाग्वा या गावाहून सिएनफुएगोस शहरातल्या इस्पितळात ती मिर्ता आणि लेओविखिल्दोकाका या दोघांना दिवसाआड डायलिसिसला नेई. गावातल्या मेकॅनिकनं कालच सांगितलं होतं, "इंजिन खोलावं लागेल. दोन महिने तरी गाडी विसरा." ही गोष्ट तिनं दोघांनाही सांगितली नव्हती. दोन महिने डायलिसिसला जायचं कशानं, बैलगाडीनं?

तिनं बॉनेट उघडलं. वाफ नाही, उकळल्याचा आवाज नाही. रेडिएटरचा पाइप तिनं फडक्यानं चाचपला. नेहमीइतकाच गरम.

"बंद पडली का?" मिर्तानं विचारलं. "चुकलंच माझं. घरून निघताना एकदा माझ्या पोरीला जवळ घ्यायला हवं होतं."

"अशुभ बोलू नकोस," लेओविखिल्दो म्हणाले. ते सावकाश, दाराला धरून उतरले. कधीकाळी गावातले निम्मे रेडिओ त्यांनी दुरुस्त केले होते. आता हाताला कंप सुटला होता आणि डावा हात सुयांनी सुजून गाठाळला होता. "इदाल्मिस, पेट्रोल किती टाकलंस?"

"चार-पाच लिटर. मिळालंच तेवढं."

"मग तो काटा टाकी भरलेली का दाखवतोय?"

इदाल्मिसनं वाकून पाहिलं. खरंच की! इतके दिवस तिचा जीव तापमानाच्या काट्यात अडकलेला. दुसऱ्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

"दोघं एकाच वेळी खोटं बोलताहेत," काका म्हणाले. "एक खोटं बोलला तर त्याचा दोष. दोघं बोलले, तर पढवणारा कुणी तिसराच."

त्यांनी इंजिनवरच्या, तापमान मोजणाऱ्या बोंडाची तार उपटली. बोटं काळी झाली. आत काटा लगेच खाली आपटला. "म्हणजे तार धड, काटाही धड. आता बॅटरी सोडव आणि डॅशबोर्डखाली शिर. दोन्ही काट्यांना बेतानं वीज देणारी एक पत्र्याची डबी असते. तिचा स्क्रू बघ. मला वाकता आलं असतं तर..."

इदाल्मिस पाठीवर आडवी झाली. डोक्यात धूळ पडली.

"सापडली! स्क्रूला गंज चढलाय, काका. हलतोय."

"तोच! अर्थिंग तुटलंय. डबीला अर्थिंग मिळालं नाही की ती सगळीच वीज काट्यांवर सोडते. घास चांगला, लोखंड चमकेपर्यंत."

"घासू कशानं?"

मिर्तानं पर्समधून नखं घासायची कानस काढून दिली. "घे. नाहीतरी नखं बघायला कोण येतंय तिथं?"

घासून, स्क्रू आवळून इदाल्मिस बाहेर आली. काकांनी इंजिनवरची तार पुन्हा बसवली, तिनं बॅटरी जोडली आणि किल्ली फिरवली. पेट्रोलचा काटा तळाशी, जिथं असायला हवा तिथंच थांबला. दुसरा मध्यावर चढला आणि तिथंच राहिला.

"इंजिन... धड आहे?" इदाल्मिसनं विचारलं.

"तुझ्या-माझ्यापेक्षा धड आहे."

ती हसू लागली, हसता हसता डोळे पुसू लागली, आणि मग दोन महिन्यांची गोष्ट तिनं एका दमात सांगून टाकली.

"मेल्या मेकॅनिकला पहिलं माझ्याकडे आण," मिर्ता म्हणाली. "त्याचंच डोकं खोलते!"

पेट्रोल खरंच तळाला होतं. पण आता ते ठाऊक होतं, म्हणून इदाल्मिस उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडत, हळू हळू चालवत इस्पितळाच्या दारात पोचली. शिपाई नेहमीसारखा चाकाची खुर्ची घेऊन पुढं आला. लेओविखिल्दोंनी नकारार्थी मान हलवली आणि भिंतीला धरत स्वतःच आत गेले.

नर्सनं त्यांचे काळे झालेले हात पाहिले.

"अहो आजोबा, हे काय? कुठं होतात?"

"कामावर," ते म्हणाले, आणि नळाकडे वळले.