शेजारचा ब्रेक

मास्तरांनी पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. त्याच क्षणी पुढे उभ्या असलेल्या टेम्पोचं दार उघडलं, आतून एक माणूस खुशाल रस्त्यात उतरला आणि इकडेतिकडे न बघता चालू लागला.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. "माझा पाय नसता तर आज त्या बिचाऱ्याचं काही खरं नव्हतं."

 बायकोनं पहिला गिअर टाकला.

मास्तर तीस वर्षं लोकांना गाडी शिकवत होते. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक जादा ब्रेक असतो. त्यावर मास्तरांचा पाय इतका बसला होता, की सिनेमा बघतानासुद्धा ते पडद्यावरच्या गाड्या थांबवायचे. पुढच्या खुर्चीवरची माणसं वळून बघत.

बायको शाळेतून निवृत्त झाली आणि तिच्या डोक्यात फिरत्या वाचनालयानं घर केलं. पुस्तकांची व्हॅन स्वतः चालवत वस्त्यावस्त्यांतून न्यायची, असं ते काम. ते द्यायला वाचनालयवाले एका पायावर तयार होते, फक्त सोमवारच्या आत लायसन हवं होतं. परीक्षा उद्यावर आली होती. आधीच्या दोन्ही खेपांना ती नापास झाली होती, कारण प्रत्येक वळणावर ती शेजारी बघायची. परीक्षेत शेजारी मास्तर नसायचे. तिथे परीक्षक बसलेला असायचा आणि तो नुसता कागदावर फुल्या मारायचा.

म्हणून मास्तरांनी परीक्षा पुढे ढकलायचा अर्ज काल रात्रीच भरून शर्टाच्या खिशात ठेवला होता. काम हातचं जाईल हे त्यांना कळत होतं. पण तिसऱ्यांदा तिचं उतरलेलं तोंड बघायची त्यांची छाती नव्हती.

"ब्रेक आज कसा अलगद दबतोय," ते म्हणाले. "गॅरेजवाल्यानं तेलपाणी छान केलंय."

"हो का?" बायको म्हणाली आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

आज ती एकदाही त्यांच्याकडे बघत नव्हती. मास्तरांना ते जरा लागलंच. कोपऱ्यावरच्या उंच कुंपणाशी तिनं उगाचच गाडी हळू केली.

"का गं? रस्ता मोकळा आहे की."

"काय माहीत. वाटलं."

तेवढ्यात कुंपणाआडून एका सायकलवर दोन मुली खिदळत बाहेर आल्या. मास्तरांनीही अर्थात पाय दाबलाच होता.

"अशा वाटण्यावर गाडी चालत नाही," ते म्हणाले. "नियमांवर चालते."

परीक्षेच्या कचेरीसमोर त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. तिनं ती दोन मोटारींच्या मध्ये एका दमात नेऊन बसवली.

"पाच मिनिटांत आलो," ते म्हणाले.

"अर्ज द्यायला ना? सकाळी शर्टाला इस्त्री मीच केली." तिनं इंजिन बंद केलं. "द्यायचा तर द्या. पण मला एका शब्दानं विचारलं असतंत, तर बरं वाटलं असतं."

मास्तर खिशातून कागद काढून तसेच बसून राहिले. तेवढ्यात फोन वाजला.

"मास्तर, तुमच्या बाजूच्या ब्रेकची केबल आली एकदाची," गॅरेजवाला म्हणाला. "दुपारी गाडी आणा, बसवून टाकतो."

"बसवून? म्हणजे आत्ता?"

"आत्ता नुसतं पेडल आहे तिथं. जुनी केबल तुटायला आली होती, कालच काढली. सकाळी गाडी द्यायला आलो तेव्हा बाईंना सांगितलं की मी. बोलल्या नाहीत?"

मास्तरांनी फोन ठेवला. पायाखालचं पेडल त्यांनी एकदा दाबून पाहिलं. मग टेम्पो आठवला, कुंपण आठवलं, वाटेतले दोन सिग्नल आणि एक उतारही आठवला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ समोर बघत होती, पण तिचे कान लालबुंद झाले होते.

"कोण होतं?" तिनं विचारलं.

"गॅरेजवाला. केबल आलीय म्हणतो."

"मग? दुपारी जायचं का?"

"एवढी काय घाई आहे? तुझी परीक्षा होऊ दे, मग बघू."

हातातल्या अर्जाचा बोळा करून त्यांनी आपल्या बाजूचा धुळकट आरसा पुसला. मग बूट काढले, पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले.

"चल," ते म्हणाले. "आणि जरा पळव की. भूक लागलीय."