साहेबाचे पोहे

पोह्यांचं पातेलं रस्त्यावर उतरलं तेव्हाच मी ओळखलं, आता आमच्या बायांचं काही खरं नाही. सोबत तर्रीची बादली वेगळी. वर लाल तेलाचा तवंग, खाली हरभरे, आणि वास असा की मेलेला माणूस उठून बसेल. पहाटेपासून आम्ही गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया पोती अंथरून वळणावर रस्ता अडवून बसलो होतो, कुणाच्या पोटात चहाचा घोट नव्हता. आमच्यापुढे ट्रकांची रांग पार अमरावती रोडपर्यंत गेली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमले होते. रस्त्याच्या खात्याचा साहेब स्वतःच्या हातानं कागदी प्लेटा वाटत फिरत होता. उपाशी काहून बसता बायांनो, काम तं होऊनच राहिलं, असं गोड गोड बोलत होता.

मी माझ्या घराच्या गच्चीकडे पाहिलं. वाळत घातलेल्या चादरींच्या मागे आमचा पेशंट उभा होता. चादरीखाली त्याची पावलं आणि काठीचं टोक दिसत होतं. आदल्या संध्याकाळी त्यानंच बजावलं होतं की साहेब आधी खायला पाठवेल, कशाला हात लावू नका.

पेशंट म्हणजे माझा भाडेकरू. नाव नजीबुल. पण आला तो सरळ दवाखान्यातून, छातीवरचे टाके घेऊन, म्हणून गल्लीनं त्याला पेशंट म्हटलं आणि मग तेच चिकटलं. नागपूरला लागून असलेल्या वाडीत माझ्या तीन खोल्या आहेत. एकीत गोदामाचा हमाल राहतो, दुसरीत शिलाईवाली दामिनी, तिसरी रिकामी होती. हा बांगलादेशातून हृदयाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला आलेला. महिनाभराचं काम होतं. पण हा इकडे टेबलावर असताना तिकडे पोरं रस्त्यावर उतरली, सरकार पडलं, आणि याचं घर जाळलं. कारण हा त्या सरकारातला खासदार. परत गेला असता तर विमानतळावरूनच तुरुंगात.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी खोली दिली नसती, खोटं कशाला बोलू. मी फटकळ बाई आहे, पण भित्रीही आहे. गल्लीतही कुजबुज झाली, परदेशी माणूस, त्यात मुसलमान, गोपिकाबाईला पैशाची इतकी का अडचण. मी म्हटलं, दोन जिने चढताना त्याला तीनदा बसावं लागतं, तो काय करणार आहे तुमचं.

इथं राहायला त्याला परवानगी मिळाली, पण एका अटीवर. दर महिन्याला पोलीस ठाण्यात जाऊन तोंड दाखवायचं. ठाणेदारानं त्याला माझ्यासमोरच सांगितलं होतं की आजारी माणसासारखे गुपचूप राहा. कुठल्या भानगडीत दिसलात तर मला वर कळवावं लागेल, आणि मग तुम्हाला परत पाठवतील. पेशंटनं मान हलवली होती. त्यानंतर तो गल्लीच्या तोंडाशी दूध आणायलाही जात नसे.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. हिंदी बोलायचा, मग हळूहळू आमचं मराठी उचललं. कॉलेजात असताना तो पुढारी होता म्हणे. एका गाडीनं त्याच्या वर्गातल्या मुलीला चिरडलं, तेव्हा सगळ्यात आधी रस्त्यावर आडवा पडलेला हाच. तुरुंगात गेला, पुढचे दात तिथंच राहिले. मग निवडणूक, मग बंगला, मग दारात पोलीस. हे सांगताना तो सारखा जांभया द्यायचा. मी एकदा चिडून म्हटलंही, स्वतःचीच गोष्ट सांगताना झोप येते का तुम्हाला. तर म्हणाला, थकलो ताई.

आणि एकदा त्यानं ती दुसरी गोष्ट सांगितली. तो खासदार झाल्यावर त्याच्याच कॉलेजची पोरं त्याच्या बंगल्यासमोर येऊन बसली. तशीच मागणी, तसाच रस्ता. त्यानं आधी त्यांना बिर्याणी पाठवली. त्याला ठाऊक होतं, खाल्लेला माणूस सुस्त होतो, आणि ज्याचं खाल्लं त्याच्याशी भांडताना लाजतो. निम्मी पोरं खाऊन उठून गेली. जी उरली त्यांच्यावर त्यानं पोलीस सोडले. त्यातलं एक पोरगं घरी परत गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या पोराची आई एकटी येऊन फाटकासमोर बसली, आणि हा वरून पडद्याआडून तिला पाहत राहिला. दिवस मावळला तरी खाली उतरला नाही.

मी दोन दिवस त्याला चहा दिला नाही. तिसऱ्या दिवशी दिला, कारण तो स्वतःहून मागेना आणि मलाच ओट्यावर एकटीला चहा जाईना.

तर रंभाबाईचं असं झालं. रंभाबाई म्हणजे माझी भिंतीला भिंत शेजारीण. तिचा नवरा मारोतराव एका सकाळी गल्लीच्या वळणावर पारिजातकाची फुलं वेचत होता. एक रिकामा ट्रक मोठ्या रस्त्यावरून भरधाव वळला. बाकी सांगण्यासारखं नाही. आमची गल्ली ट्रकवाल्यांना गोदामाकडे जायला जवळची पडते, आणि त्या वळणावर ब्रेकर टाका म्हणून आम्ही किती खेटे घातले असतील, पालथ्या घड्यावर पाणी. तेरवी आटोपली, पाहुणे गेले, आणि रंभाबाई माझ्याकडे आली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. म्हणाली, "गोपिका, तुह्या पेशंटले विचार वं, रस्ता कसा अडवतेत."

पेशंट आधी नाहीच म्हणाला. मी आता कुणाला काही शिकवत नाही, म्हणाला, माझं शिकवलेलं कुणाला लाभत नाही. रंभाबाई नुसती समोर बसून राहिली. शेवटी त्यानं सांगितलं. म्हाताऱ्या बाया पुढे, लेकरं घरी. शिवी कुणाला द्यायची नाही. साहेबाशी एकटीनं बोलायला जायचं नाही. आणि काम डोळ्यांनी दिसत नाही तोवर त्यांच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मी टोमणा मारला की छान आहे, आम्ही उन्हात आणि तुम्ही उंटावरून शेळ्या हाकणार. तो म्हणाला, मी खाली आलो तर माझं काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे ताई. ठाऊक होतंच. 

आणि आता ते पोहे आले होते.

पहिली प्लेट दामिनीनं घेतली. तिला दोष देत नाही, तिला गोळ्या घ्यायच्या असतात. पण एकीनं घेतली की दुसरीला धीर येतो. कुणी म्हणालं, नुसते पोहे घेते, तर्री नको. कुणी म्हणालं, लेकरासाठी बांधून घेते. प्लेटा चाटूनपुसून रिकाम्या झाल्या आणि साहेबानं हळूच विषय काढला. आठ दिवसांत ब्रेकर, माझा शब्द. खाल्ल्या मिठाला जागावं तशा बाया एकमेकींकडे बघून पदर झटकू लागल्या. एक उठली, दोघी उठल्या. मी ओरडत होते, अगं बसा, अगं काल काय ठरलं, पण माझे गुडघे असे आखडले होते की मलाच उठता येईना, नाहीतर एकेकीला ओढून बसवलं असतं. दामिनीनं मला हात दिला आणि मीसुद्धा, काय सांगू, कंबर सरळ करायला म्हणून उभी राहिले आणि कडेच्या सावलीला गेले. तिथून परत फिरायचा धीर झाला नाही.

वळणावर रंभाबाई एकटी उरली. तिच्यापुढे पोह्यांची भरलेली प्लेट तशीच, तर्री पोह्यांत जिरून गेली होती. पहिल्या ट्रकवाल्यानं इंजिन सुरू केलं. साहेब तिला म्हणत होता, माय, आता तुम्ही एकट्या काहून तमाशा करून राहिल्या.

माझी नजर गच्चीकडे गेली. चादरीखाली पावलं नव्हती.

तो जिन्यातून आला. लुंगी, वर बनियन, त्यातून टाक्यांचा वण दिसत होता. बातम्यांच्या एका पोर्टलवाल्यानं मोबाइल वर धरून सगळं दाखवायला सुरुवात केली होती, ठाणेदाराची जीप नुकतीच येऊन थांबली होती, आणि हा त्या सगळ्यांच्या मधून काठी टेकत टेकत चालत गेला.  मी म्हटलं, अहो, परत जा. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रंभाबाईच्या शेजारी पोत्यावर बसायला त्याला खूप वेळ लागला. आधी एक हात टेकला, मग दुसरा. बसल्यावर त्यानं ती पोह्यांची प्लेट उचलली आणि जरा दूर, ट्रकच्या चाकापाशी ठेवली.

भाषण नाही, घोषणा नाही. 

साहेबानं विचारलं, हे कोण. रंभाबाई म्हणाली, "माहा भाऊ होय."

मग मी गेले. लाज वाटली म्हणून गेले, दुसरं काही नाही. माझ्यामागून दामिनी आली, मग बाकीच्या, तोंडाला तर्रीचं तेल तसंच. ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं. दिवस कलला तेव्हा गिट्टी आली, डांबराची गाडी आली, आणि आमच्या डोळ्यांदेखत वळणावर ब्रेकर पडला. पेशंट तोवर तिथंच बसून होता. ठाणेदार त्याच्याजवळ जाऊन उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "चाचा, तुम्हाले सांगतलं होतं ना."

"हो साहेब," पेशंट म्हणाला. "पण बाई एकटी बसून राहिली होती."

ठाणेदार वाईट माणूस नव्हता. पण गावभर प्रत्येकाच्या मोबाइलवर तो चेहरा दिसला होता, कळवल्याशिवाय त्याला गत्यंतर नव्हतं. चार-पाच दिवसांत वरून हुकूम आला आणि सकाळी जीप दारात उभी राहिली. पेशंटचं सामान म्हणजे एक पिशवी आणि दवाखान्यातली कागदं. मी ठाणेदाराशी खूप भांडले, नको ते बोलले, आजारी माणसाला असं नेतात का म्हटलं. पेशंटच मला गप्प करत होता. आदल्या रात्री तो खरंच झोपला होता, भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येत होतं. इतक्या महिन्यांत मी त्याचं घोरणं कधी ऐकलं नव्हतं.

तो जीपमध्ये चढला, तेवढ्यात रंभाबाई घरातून लगबगीनं आली. हातात स्टीलची प्लेट, तीत पोहे, वर तर्री, वर कच्चा कांदा. तिनं खिडकीतून प्लेट आत दिली.

"खा," ती म्हणाली. "आता काम झालं."

त्यानं खाल्लं. ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं, पण ठाणेदारानं त्याला हातानंच थांबवलं. पेशंट बोटांनी निपटून खात होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. रंभाबाईनं विचारलं, लय तिखट झालं का जी. तो म्हणाला, हो, तिखट आहे. मीही पदर डोळ्यांना लावला, आणि मी तर एक घासही खाल्ला नव्हता.

रिकामी प्लेट त्यानं परत दिली. जीप निघाली. वळणावर येताच ड्रायव्हरला ब्रेक दाबावा लागला. जीप सावकाश ब्रेकरवर चढली, सावकाश उतरली, आणि मागच्या काचेत पेशंटचं पांढरं डोकं एकदा वर गेलं, एकदा खाली आलं. मग ती अमरावती रोडच्या ट्रकांमध्ये दिसेनाशी झाली.

रंभाबाई प्लेट धुवायला माझ्याच नळावर आली. तिच्या नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं.