चकचकीत की मॅट

गीतांजलीनं वॉर्निशच्या डब्याचं झाकण उघडलं, टेबलावरच्या छापलेल्या कॅन्व्हासकडे पाहिलं आणि झाकण पुन्हा दाबून बसवलं. न लावलेल्या या वॉर्निशमधून तिला मिळणार होतं ते एवढंच: अकोल्यातल्या एका नव्या घरात, भरल्या पाहुण्यांत, पार्बताबाईंच्या ओल्या फडक्याला पार्बताबाईंचाच चेहरा लागणार होता. नफा लहान होता, पण मुद्दल जुनं होतं.

पार्बताबाई आणि शेषराव आदल्या दिवशीच तिच्या अमरावतीच्या फोटोच्या दुकानात येऊन गेले होते. अंजनगाव सुर्जीची बागायत सांभाळून त्यांनी अकोल्यात घर बांधलं होतं. वास्तूच्या पूजेआधी दिवाणखान्यात जोडीचा मोठा फोटो कॅन्व्हासवर हवा होता.

"चकचकीत पाह्यजे," पार्बताबाई म्हणाल्या. "लोकायले दुरून दिसलं पाह्यजे."

"काकू, चकचकीतवर ट्यूबलाइट पडली की चेहराच दिसत नाही. मॅट घ्या. रंगही उजळ दिसतो."

शेवटचं वाक्य नेमक्या जागी बसलं. पार्बताबाईंनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

"पण पुसता येते ना वं? पूजा असली का तसबिरी ओल्या फडक्यानं पुसाची सवय हाय मले. मीच चढतो स्टुलावर. सुनेच्या हाताले देत नाही."

"वॉर्निश लागलं की पाण्यानं रंग निघत नाही, खुशाल पुसा."

यात खोटं काही नव्हतं. मॅट वॉर्निशचा एक गुण मात्र तिनं सांगितला नाही: ते लावलंय की नाही, हे नुसतं पाहून गिऱ्हाइकाला कळत नाही.

दारात पार्बताबाई थबकल्या. "तुले कुठंतरी पाह्यलं वाटते."

"नसेल, काकू."

पाहिलं होतं. अचलपूरला, गीतांजलीच्या घरी, मुलासाठी मुलगी बघायला आल्या तेव्हा. पाण्याच्या गिलासात पदराचं टोक बुडवून त्यांनी तिचा गाल घासला होता, पावडर निघते का म्हणून. पदराला काही लागलं नाही. "रंग पक्का हाय पोरीचा," त्या म्हणाल्या आणि सगळी बैठक हसली. शेषराव तेव्हा पोह्यांच्या बशीत काहीतरी शोधत होते. नकार नंतर फोनवर आला. हसू त्याआधीच गल्लीभर पोचलं होतं.

रंग निघाला की दुकानाचं नाव जाणार, हे गीतांजलीला ठाऊक होतं. तेही तिनं खर्चात धरलं. कॅन्व्हास फ्रेमवर ठोकला गेला आणि तसाच, वॉर्निशविना, अकोल्याला गेला.

पूजेनंतर तो परत आला. आणणाऱ्या पार्बताबाई नव्हत्या.

"मी वर्षाली. त्यायची सून," रिक्षातून उतरलेली गोरी बाई म्हणाली आणि फ्रेमवरची चादर काढली.

फोटोतल्या शेषरावांचा एक कान गेला होता. पार्बताबाईंच्या गळ्यातली पोत, साडीचा काठ, केसांतला गजरा, सगळं जागच्या जागी होतं. मधला चेहरा तेवढा साफ पुसून पांढरा झाला होता.

"सासूबाईचे गुडघे धरले. मलेच चढवलं स्टुलावर."

गीतांजलीनं टेबलाची कड धरली. "तुम्हाला बोलल्या?"

"पाहुण्यायसमोर. 'जिथं हात लावते तिथं नास करते,' म्हणे. पंगती उठेपर्यंत चालू होतं."

गीतांजलीच्या तोंडाशी माफी आली होती. पण मागितली तर कशाबद्दल, तेही सांगावं लागलं असतं.

"पहिल्याच हाताला रंग फडक्याला लागला असेल," ती म्हणाली. "दिसलं नाही?"

"दिसलं ना. बाबायचा कान गेला तवाच दिसलं."

"मग थांबल्या का नाहीत?"

वर्षालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"फडकं पुन्हा बादलीत बुडवलं न् फोटोतल्या सासूबाईकडे वळली." मग म्हणाली, "मले पाहाले आल्या होत्या, तवा गिलासात पदर बुडवला होता त्यायनं."

गीतांजलीचा हात आपसूक स्वतःच्या गालाकडे गेला. वर्षालीनं ते पाहिलं.

"नवीन काढून देते," गीतांजली म्हणाली. "या वेळी वॉर्निश लावून."

'या वेळी' ऐकून वर्षालीच्या ओठांची कड हलली.

"मंग चकचकीतच लावा, ताई. सासूबाईच सांगत होत्या, त्याच्यावर ट्यूबलाइट पडली का चेहरा दिसत नाही म्हणे." तिनं चादरीची घडी घातली. "आमच्या घरी बराबर समोरच हाय ट्यूबलाइट."

नवा फोटो छापून सुकला तशी गीतांजलीनं चकचकीत वॉर्निशचा डबा फोडला. पार्बताबाईंच्या चेहऱ्यावर एक हात जास्तच दिला.

कॅन्व्हास गेला तो गीतांजलीचा. बोलणी खाल्ली वर्षालीनं. कान गेला शेषरावांचा, आणि बशीत डोकं घालून बसण्याचा तेवढा भुर्दंड त्यांना पडायलाच हवा होता. पार्बताबाईंच्या नावावर मात्र अजून काहीच पडलं नव्हतं. त्यांच्याकडची वसुली आता रोज दिवेलागणीला, घरातल्याच कुणीतरी बटण दाबलं की, सुरू होणार होती.