सत्त्याऐंशीव्या पानावरची सही

माझ्या सत्त्याऐंशीव्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक पिवळट गोल डाग आहे. रुंदी बरोबर बावीस मिलिमीटर. काचेच्या छोट्या कुपीचं ओलं बूड तिथे टेकलं होतं. त्या कुपीत सुईसारखे पांढरे स्फटिक होते, जेमतेम चिमूटभर. ते पाहून माझी मालकीण कितीतरी वेळ खुर्चीत बसायचंच विसरली होती.

मित्रांनो, मी एक जुनी प्रयोगवही आहे. माझ्या पानांना छापील क्रमांक आहेत, त्यामुळे एखादं पान फाडलं तर चोरी लपत नाही. माझी मालकीण औषधांची रसायनं बनवणारी संशोधक. लहान मुलांना येणाऱ्या झटक्यांवर चालेल असं नवं औषध ती शोधत होती. शहाऐंशी पानं चंबूच्या तळाशी नुसता काळा, चिकट गाळ मिळाला. तरी तिनं प्रत्येक अपयश शाईनं लिहिलं. आमच्याकडे खोडरबर चालत नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची आणि खालचं वाचता आलं पाहिजे.

आणखी एक रीत आहे. प्रत्येक पानाखाली साक्षीदार 'वाचले, समजले' असं लिहून सही करतो. त्या कामात ज्याचा हात नाही, त्यानंच ती करायची. सत्त्याऐंशीव्या पानावर विभागप्रमुखांनी सही केली. तिला हे काम शिकवलं ते त्यांनीच. "शाब्बास पोरी, मैदान मारलंस!" ते म्हणाले. मला तर कपाटातल्या सगळ्या वह्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

वर्षभरात शोधनिबंध छापून आला. शोध त्याच विभागप्रमुख सरांच्या नावावर होता. बाटल्या धुणाऱ्या मावशींनी विचारलं, "ताई, यात तुमचं नाव कुठंय?"

"आहे की. शेवटी, आभारांत. काचसामान पुरवणाऱ्यांच्या खाली."

"म्हणजे रांधलं तुम्ही आणि सत्कार वाढप्याचा! अहो, बोला की."

"बोलेन. जरा वेळ जाऊ दे."

तिनं मला खालच्या खणात ठेवलं आणि किल्ली फिरवली. नऊ वर्षं! सरांनी दगा दिला, ते मी गिळलं. ते काही माझे नव्हते. पण हिचा प्रत्येक आकडा मी जपला होता. हिनं मला खरं बोलायला शिकवलं आणि तोंडाला कुलूप लावलं. कसरीनं माझ्या कडा खाल्ल्या, शाई तपकिरी झाली. बाहेर मावशी अधूनमधून विचारत, "ताई, गेला का वेळ?"

आज खण उघडला. सर निवृत्त होताहेत. उद्या समारंभात त्या औषधाला त्यांचं नाव द्यायचं आहे आणि गौरवाचं भाषण तिनं करायचं आहे. शोधाची तारीख हवी होती, म्हणून तिला माझी आठवण झाली. फक्त तारखेसाठी! मला फार लागलं ते. पण तिनं पान उघडलं, डागावरून अंगठा फिरवला आणि तिची नजर खालच्या सहीवर थांबली.

मित्रांनो, वहीला नुसतं कव्हर घातलं म्हणजे ती जपली असं होत नाही. तिच्यात खरं लिहिलं असेल, तर शाई उडण्याआधी ती उघडा.

तेवढ्यात सर आत आले. "झालं का भाषण? माझ्या शोधाचा तो दिवस जरा रंगवून लिही हं."

तिनं मला त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी सही पाहिली आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"अगं, आता जुनं कशाला उकरतेस? घरचीच माणसं आपण."

"सर, साक्षीदार म्हणून तुम्ही इथे सही केलीत. भाषण मी उद्या करणार आहे," ती म्हणाली. "फक्त हे एकच पान वाचणार आहे. तुमच्या सहीसकट."