मागची सीट

ह्यांनी पहिल्या तीन गाड्या नापास केल्या तोवर मी तोंड आवरलं. चौथीच्या वेळी मात्र माझं डोकं फिरलं, आणि तेही परक्या माणसासमोर.

गाडी मला हवी होती. पन्नाशी उलटल्यावर. मी कवळ्या बनवते. दिवसभर लोकांचे दात हातात घेऊन बसते. मोटारसायकलशी माझा संबंध एवढाच की लग्न झाल्यापासून ह्यांच्या मागे बसत आले. हे जमिनीची मोजणी करायचे. सगळी नोकरी कच्च्या रस्त्यांवर गेली, आणि सुट्टी आली की उरलेली हौस फेडायला मला मागे घालून धरणाच्या वरच्या पठारावर न्यायचे. तिथे रस्ता म्हणावा असं काही नाही. दगड, चिखल आणि मध्येच एक ओढा. चारचाकी अर्ध्यातच मान टाकते.

मग ह्यांचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. कडेचं दिसतं, बरोबर मधलं पुसल्यासारखं झालंय. डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलं. ह्यांनी कुणाला न विचारता गाडी विकून टाकली आणि घरात बसले. बसले म्हणजे बसलेच. रेडिओ लावायचा, तो काय बोलतोय ते ऐकायचं नाही, आणि मी कामावरून आले की विचारायचं, “आलीस?” समोर उभी असते मी, तरी विचारायचं. आधी मला वाटलं दिसत नाही म्हणून विचारतात. नंतर कळलं, दिवसभरात दुसरं बोलण्यासारखं काही घडलेलंच नसतं. बाहेर चला म्हटलं की ह्यांचे गुडघे दुखतात, ऊन असतं, नाहीतर वारा असतो. धडधाकट माणूस माझ्या डोळ्यांदेखत खुर्चीत मिटत चालला होता आणि मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी ठरवलं, आपण शिकायचं आणि ह्यांना मागे बसवून वर न्यायचं.

मुलगी फोनवर म्हणाली, “आई, या वयात लोक गुडघे बदलून घेतात.”

“तेही घेईन. आधी हे.”

क्लास लावला, परवाना काढला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि मग मुकाट्याने सही केली. मुलीला स्वतःला या गाड्यांचं वेड आहे, त्यामुळे हसून झाल्यावर तिने नीट समजावलं. खडबडीत रस्त्यावरची उंच गाडी घे, पण तिच्यातली हलकी घे, कारण ती तुला उचलावी लागणार. आणि जुनी घे, कारण पहिली गाडी तू पाडणारच. नवी पाडलीस तर जीवाला लागेल तुझ्या.

पारखायला अर्थातच हे. या कामाला हे खुर्चीतून उठले, मी मनात म्हटलं, चला, सुरुवात झाली. पण कसलं काय. पहिल्या गाडीची चेन वाजते. ठीक. दुसरीचा सांगाडा वाकलाय, हात फिरवून सांगितलं, तेही ठीक. तिसरीत काही सापडेना तेव्हा म्हणाले, मालक फार गोड बोलतो.

चौथी गाडी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची होती. माझ्या खांद्याएवढी मुलगी. तिची मोठ्या शहरात बदली झाली होती. दवाखान्यामागे मोकळं आवार होतं, तिथे गाडी उभी होती. मडगार्डवर ओरखडे, एका बाजूचा आरसा नवा, दुसरा जुना.

“पडलीय,” हे लगेच म्हणाले.

“पुष्कळदा,” ती म्हणाली. “काकू, तुम्ही आधी कधी मोठी गाडी चालवलीय?”

“क्लासची छोटी.”

“मग बसून बघा.”

मी बसले. दोन्ही पाय काही टेकेनात. एका बाजूला कलले तर एक पाय नीट टेकला, दुसरा अधांतरी. हे म्हणाले, “बघ, पोचत नाही.” ती म्हणाली, “माझेही कधी पोचले नाहीत. एक पुरतो.” मग तिने मला उतरवलं, गाडी सावकाश जमिनीवर आडवी केली आणि हात झटकले. “आता उचला. एकटीने. उचलता आली तरच मी विकणार. रानात मदतीला कोण येतंय?”

मी पुढून हँडल धरून जोर लावला. गाडी ढिम्म. हे पुढे सरसावले तर तिने वाटेत हात आडवा धरला. “काका, तुम्ही नाही.” हे थांबले. रिकामे हात घेऊन उभे राहिले, आणि ते बघणं मला गाडीपेक्षा जड गेलं. मग तिने युक्ती दाखवली. गाडीकडे पाठ करायची, सीटला बूड टेकवायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा कठडा, आणि पायांनी मागे मागे चालत जायचं. कंबरेने नाही, पायांनी. दुसऱ्या खेपेला गाडी उठली. मी घामाघूम, केस तोंडावर, पण गाडी उभी.

“हं,” मी ह्यांना म्हटलं, “आता काढा खोट.”

ह्यांनी इंजिन ऐकलं. चेन चाचपली. ब्रेक दाबून पाहिले. पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, उठले, आणि म्हणाले, “हँडल किंचित डावीकडे आहे. राहू दे. दुसरी बघू.”

तिथे माझं डोकं फिरलं. “किंचित तर मीही डावीकडे आहे. इतकी वर्षं चालवून घेतलीत ना? खरं काय ते बोला. का कुठलीच नको?”

डॉक्टरीणबाई शहाणी, पाणी आणते म्हणून आत गेली. हे बराच वेळ सीटवरून हात फिरवत राहिले.

“गाडी चांगली आहे,” शेवटी म्हणाले.

“मग?”

“मला मागे बसता यायचं नाही. मागून काय दिसतं? पुढच्याची पाठ.”

“मग मी इतकी वर्षं काय बघत होते?”

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघायचं असलं की हल्ली ते जरा बाजूला बघतात, तसे बघत होते.

“तुला रस्ता दिसायचा नाही?”

“तुमचं हेल्मेट दिसायचं. वळण आलं की कळायचं, वळण होतं.”

“भीती नाही वाटली?”

“वाटायची की. ओढ्यात तर दर वेळी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही चालवत होतात ना,” मी म्हटलं.

ती पाणी आणि दोन हेल्मेटं घेऊन आली. “याच आवारात, पहिल्या गिअरमध्ये, एक चक्कर मारून बघा. रस्त्यावर दोघांनी इतक्यात नाही, काकू. आधी एकटीचा हात बसू द्या.” तिने किल्ली पुढे केली. मी घेतली, आणि माझ्याच हाताने ती ह्यांना देऊन टाकली. सवय हो, दुसरं काय. त्यांनीही सवयीने घेतली, पाय टाकला आणि हँडलवर हात ठेवून बसले. मी डावीकडून जाऊन त्यांच्या मागे चढायला उभी राहिले.

मग आम्हा तिघांच्याही लक्षात आलं. त्यांनी क्लच एकदा दाबला आणि हळूहळू सोडला. गाडी बंदच होती. मला वाटलं, राहू दे, नको ती गाडी, बसू देत त्यांना असंच. तेवढ्यात त्यांनी हँडल सोडलं, दोन्ही हात सीटवर टेकले आणि सरकत सरकत मागे गेले.

“धर किल्ली,” म्हणाले. “बस.”

मी बसले. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही. मी भाजी चिरते तेव्हासुद्धा सुरी कशी धरायची ते सांगणारा हा माणूस, मागे चकार शब्द न काढता बसून राहिला. तिसऱ्यांदा गाडी निघाली. त्यांनी मागचा कठडा घट्ट धरला होता, ते मला गाडीच्या डुलण्यातून कळत होतं. पाण्याच्या टाकीपाशी वळताना आम्ही जरा जास्तच कललो, तेव्हा त्यांचे हात कठड्यावरून सुटले आणि माझ्या कंबरेला आले.

“काय आहे पुढे?” त्यांनी विचारलं. “सांगत जा.”

“भिंत आहे,” मी म्हटलं. “अजून लांब आहे. वळतेय मी.”