कूलरची हवा आणि मूठभर मका

मी एक अंडी देणारी कोंबडी बोलतेय. बोलताना मी आपल्याकडे एकाच डोळ्याने पाहते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. माणूस समोर असला की दुसरा डोळा मी दाराकडे ठेवते.

हिंजवडीतली दिगंबरची जमीन एका काचेच्या इमारतीतल्या कंपनीखाली गेली. उरलेल्या तुकड्यावर त्याने भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि मागे पत्र्याची शेड घातली. मी खोक्यातून तिथे आले. दाणा वेळेवर, पाणी वेळेवर. एवढी बडदास्त कशासाठी, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं. अंडी देऊ लागले तेव्हा कळलं.

मे महिन्यात पत्रा तापला. आम्हाला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या आणि श्वासावाटे आतली वाफ बाहेर सोडायची, तेवढाच आमचा गारवा. वरच्या खोलीत नागपूरकडचा संतोष राहायचा, त्याच काचेच्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा. तो म्हणाला, "काका, कूलर लावा. आमच्याकडे त्याच्याशिवाय उन्हाळा निघतच नाही." रोज आमलेट खाणाऱ्याची ही माया मला संशयास्पद वाटली.

दिगंबरने बुधवार पेठेतून कूलर आणला. खरं सांगते, बरं वाटलं. म्हणूनच जास्त भीती वाटली.

जूनमध्ये आभाळ भरून आलं, पण पाऊस पडेना. हवा चिकट झाली. संतोष तेव्हा गावी गेला होता. उकाडा वाढला म्हणून दिगंबरने कूलरचं पाणी वाढवलं आणि गार हवा पळू नये म्हणून जाळ्यांवर प्लॅस्टिक ताणलं. मी धापा टाकत होते, पण माझी वाफ घ्यायला त्या ओल्या हवेत जागाच नव्हती. अंड्यांची कवचं पातळ झाली, मग अंडीच आटली.

"समद्याच खुडूक बसल्यात," दिगंबर म्हणाला.

खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी. पंख फाकून, चोच वासून कुणी उबवायला बसतं का? त्याच दुपारी माझ्या शेजारची पिवळी मान टाकून मेली. तिच्या जागेकडे मला अजून बघवत नाही.

संध्याकाळी दिगंबरची बायको विजयमाला आली आणि तिने आमच्यापुढे मूठभर मका टाकला. "खावा गं बायांनो." मका आम्हाला कधीच मिळत नसे. दाराशी दिगंबर फोनवर खाटकाशी बोलत होता, "उद्या गाडी पाठवा. अंडी देत न्हाईत, ठेवून काय करू?" मी मक्याला चोच लावली नाही.

सकाळी संतोष परतला. खांद्यावरची बॅगही न उतरवता शेडच्या दारात थबकला.

"काका, पाणी काऊन चालू ठेवलं? आभाळ आलं की आम्ही नुसता पंखा ठेवतो."

"मग गार हवा जाईल की."

"ही गार नाही, ओली हवा आहे. जीव गुदमरून राहिला त्यांचा."

त्याने स्वतःच प्लॅस्टिक ओढून काढलं. वारा आत आला. गाडी आली तोवर आमच्या चोची मिटल्या होत्या, आणि दिगंबरने ती रिकामीच परत धाडली. संतोषवर मी उगाच संशय घेतला. तरी त्याच्या हातात तवा दिसला की मी दोन पावलं मागे सरते.

आता दुसरा उन्हाळा सरत आलाय. आभाळ येताच दिगंबर आपणहून पाणी बंद करतो. आपल्याकडेही कोंबड्या असतील, तर त्यांची उघडी चोच दिसताच नावं ठेवू नका, आधी वारा आत येऊ द्या.

माझी अंडी मात्र कमी झाली आहेत, आणि या वेळी दोष हवेचा नाही, वयाचा आहे. आज शेडमध्ये छान वारा खेळत होता. विजयमाला आली, माझ्यापुढे मूठभर मका टाकला आणि माझ्याकडे न बघताच निघून गेली.