डागवाल्या सहा कुंड्या

एक दिवस सुट्टी घेतली आणि तीच महागात पडली. सकाळी काचघराचं दार ढकलून आत पाऊल टाकलं तोच डागवाली दारातच थबकली. टेबल चकाचक होतं. अठ्ठेचाळीस कुंड्यांच्या जागी बेचाळीस, त्याही शाळेच्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या एका रेषेत. टोमॅटोची हिरवीगार, लुसलुशीत रोपं. एका पानावर डाग सापडेल तर शपथ. कडेला कागद चिकटवलेला : ‘रोगट कुंड्या काढल्या आहेत. स्वच्छता राखावी.’ खाली नव्या साहेबांची ऐटबाज सही.

“रोगट तुझी नजर, मेल्या,” ती कागदालाच म्हणाली.

परवा तिने प्रत्येक रोपाच्या एकेका पानात बिनसुईच्या सिरिंजने रोगजंतूंचं पाणी दाबून भरलं होतं. ज्या पानावर दिवसभरात सुका, तपकिरी डाग उठतो ते रोप लढलं. जे हिरवंच राहतं त्याला चोर शिरल्याचा पत्ताच नसतो. पाच दिवसांत ते आडवं होतं. झाडांचे डाग मोजण्यातच हयात गेली म्हणून तिला सगळे डागवाली म्हणत. आणि साहेब? साहेब महिन्यापूर्वी पंख्यांच्या कारखान्यातून आले होते. त्यांच्या लेखी डाग म्हणजे खराब माल. लढलेली सहा रोपं त्यांनी भंगारात काढली आणि हरलेली बेचाळीस मांडून ठेवली. खुर्ची मिळाली की माणूस कुणाला विचारायचं विसरतो. याला खुर्ची मिळायच्या आधीही विचारायची सवय नसावी.

सात वर्षं ती साध्या टोमॅटोचा रानटी टोमॅटोशी संकर करत आली होती. त्यातून आलेलं सगळं बी तिने या अठ्ठेचाळीस कुंड्यांत पेरलं होतं. मागे एक दाणा उरलेला नव्हता. ती सहा रोपं गेली की सात वर्षं गेली.

ती वाफेच्या शेडकडे धावली. काचघरातली टाकाऊ माती आणि रोपं तिथल्या लोखंडी पेटीत वाफवून मारली जात. पेटीवर तिचा दीर होता, आणि पेटीतून फुसफुस चालू होती.

“भाऊजी! आत काय भरलंय?”

“माती, वहिनी. आणि साहेबांनी दिलेल्या सहा कुंड्या. का हो, चेहरा का असा पांढराफटक?”

“वाफ बंद करा. आत्ताच्या आत्ता!”

त्याने चाक फिरवलं. ती दाराच्या कडीला हात घालायला गेली तसा त्याने तिचं मनगट धरलं.

“तोंड भाजून घ्यायचंय का? काटा खाली येऊ द्या. आत दाब आहे. दहा मिनिटं तरी लागतील.”

“किती वेळ शिजतंय?”

“झाली असतील सात-आठ मिनिटं.”

ती उलट्या बादलीवर बसली. काटा हलेना.

“डाग होते म्हणून साहेब म्हणाले वाफवून टाका,” दीर चाचरत म्हणाला. “मला काय माहीत!”

“डाग म्हणजे काय माहितीये? जंतूला शेपटी असते. पान त्या शेपटीवरूनच ओळखतं, की परका आला, आणि दारं लावून घेतं. पण हा जंतू बिलंदर. तो पेशीत औषध टोचून पहारेकऱ्यालाच झोपवतो. बहुतेक रोपं इथेच संपतात. त्या सहांकडे दुसरा पहारेकरी होता. तो त्या औषधालाच ओळखतो. मग आजूबाजूच्या पेशी आपणहून जीव देतात. मेलेल्या पेशींत जंतूला खायला मिळत नाही, तो जागीच अडकतो. तो अडकला ती जागा म्हणजे डाग.”

“आपणहून मरतात?”

“हो. आणि मरता मरता वरच्या पानांना निरोप धाडतात, सावध राहा म्हणून.”

दिराने पेटीकडे पाहिलं. “आपल्या घरात एवढी एकी असती तर…”

“आता गप्प बसा हो!”

तेवढ्यात साहेब आले. बूट मातीला लागू नयेत म्हणून फरशीफरशीवरून पाय टाकत.

“वाफ कुणाच्या परवानगीने बंद केली?”

“माझ्या.”

“रोगट रोपांसाठी?”

“रोगट ती बेचाळीस आहेत, जी तुम्ही मांडून ठेवलीत. पाच दिवस थांबा, पाणी सुटेल पानांना. ही सहा जिंकलेली होती. विचारायला तोंड नव्हतं?”

“आवाज खाली.”

“नाही होत खाली. कागदावर सह्या करण्याआधी एकदा पान उलटून बघायचं होतं!”

काटा शून्यावर आला. दिराने कडी ओढली. गरम, कुबट वाफ अंगावर आली. ती खोऱ्याने माती बाजूला सारू लागली. बोटं पोळत होती. पहिलं रोप शिजलेल्या भाजीसारखं हातात आलं. दुसरं तसंच. तिसरं, चौथं, पाचवं. प्रत्येकाचं खोड तिने नखाने खरवडलं. आत तपकिरी चिखल.

सहावं कुंडीतून निसटून ढिगात आडवं पडलेलं, मधलं खोड अजून थंड राहिलेल्या ओल्या मातीखाली दबलेलं. वरची पानं आणि मुळं गेलेली. तिने नख लावलं. मधे चार बोटं खोड हिरवं, ओलं.

“जगेल?” दिराने विचारलं.

“मूळ तर शिजलंय. खोडाला नवं मूळ फुटलं तर.”

तिने पात्याने ते तिरकं कापलं. काचघराशेजारच्या खोलीत ओल्या वाळूत खोचलं, वर काचेचा पेला पालथा घातला आणि खोलीला कुलूप घातलं. किल्ली साहेबांनी मागितली. दिली नाही.

पाचव्या दिवशी बेचाळिसांच्या पानांवर पाणचट काळे ठिपके फुटले. साहेब स्वतः सांगायला आले, घाबरून. तिने मान वर केली नाही. खोडावर पानाच्या बेचक्यातला एकच कोंब फुगल्यासारखा वाटत होता. की तिलाच तसं वाटत होतं?

नवव्या दिवशी सकाळी तिने पेला उचलला. दोन बोटांनी खोड धरून अलगद वर ओढलं. ते सुटून हातात आलं असतं, तर सगळं संपलं असतं.

खोड हललं नाही. वाळूनं धरून ठेवलं होतं.

तिने पुन्हा ओढलं, अगदी हळू. मग पेला पालथा घातला आणि भिंतीला टेकून खाली बसली.